एपीटीचं 'तुटलेलं पॅकेज' आणि माझी अर्धी रात्र

लिबकर्ल या नेटवरून डेटा आणणाऱ्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज (तिच्यावर प्रोग्राम लिहायला लागणाऱ्या फायली) टाकायला गेलो आणि एपीटीने, म्हणजे डेबियन-उबुंटू लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकणाऱ्या प्रोग्रामने, तोंड वाकडं केलं: डिपेंडन्सी (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) जुळत नाहीत, तुटलेली पॅकेजेस धरून ठेवली आहेत. मी काहीच धरून ठेवलं नव्हतं! धरून ठेवलेली, म्हणजे आवृत्ती गोठवलेली पॅकेजेस दाखवणारं 'एपीटी-मार्क शोहोल्ड' चालवलं, यादी रिकामी. मोडलेल्या डिपेंडन्सी सुधारणाऱ्या फिक्स-ब्रोकन पर्यायालाही दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना.

शेवटी पॅकेजची कुठली आवृत्ती कुठून येते ते दाखवणारं 'एपीटी पॉलिसी' पाहिलं, जे खरं तर आधीच पाहायला हवं होतं. इन्स्टॉल असलेल्या लिबकर्लची आवृत्ती रिपॉझिटरीतल्यापेक्षा (पॅकेजेस जिथून येतात त्या भांडारातल्यापेक्षा) नवी. तिच्यासमोर प्राधान्य १०० आणि स्रोत म्हणून फक्त डीपीकेजीची (पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणाऱ्या, एपीटीखालच्या साधनाची) स्टेटस फाइल, म्हणजे मशीनवर काय बसलंय त्याची नोंद. म्हणजे ही आवृत्ती आता कुठल्याच रिपॉझिटरीत नाही. मग आठवलं, मागे एक बाहेरची रिपॉझिटरी जोडली होती. ती यादीतून काढली, पण तिने आणलेली पॅकेजेस तशीच राहिली.

गोम अशी की डेव्ह पॅकेजला लायब्ररीची 'किमान अमुक' आवृत्ती चालत नाही, नेमकी तीच लागते. आणि एपीटी आपणहून सहसा मागच्या आवृत्तीवर जात नाही.

म्हणून पॅकेजच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि रिपॉझिटरीतली आवृत्ती लिहून इन्स्टॉल केलं. फक्त लायब्ररीचं नाव दिलं तर कर्ल (हीच लायब्ररी वापरणारा प्रोग्राम) स्वतःच अडतं, कारण त्यालाही नेमकी तीच आवृत्ती हवी. दोन्ही एकाच आदेशात दिली. आधी 'वजा एस' लावून नुसती रंगीत तालीम केली, काढायच्या यादीत भलतंसलतं काही नाही ना ते बघितलं.

डेव्ह पॅकेज मग मुकाट बसलं.