प्राध्यापकांसाठी अभ्यासक्रम-आखणीची कार्यशाळा: आधी काय काय जमवायचं

येणाऱ्या प्रत्येकानं आपल्या विषयाची गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या तीन उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स सोबत आणायच्या. बाकीचं सगळं यानंतर. मागच्या खेपेला नेमकं हेच सांगायचं राहिलं, आणि दोन दिवस सगळे कल्पनेतल्या विद्यार्थ्यांसाठी कल्पनेतला कोर्स आखत बसले. निमंत्रणपत्राच्या पहिल्याच ओळीत हे लिहा. शेवटी 'सोबत आणावयाचे साहित्य' म्हणून टाकलंत तर कुणी वाचणार नाही.

तीन उत्तरपत्रिका कशा निवडायच्या तेही पत्रातच सांगा: एक चांगल्या गुणांची, एक मधली, एक काठावर नापास. नाही सांगितलं तर सगळे वर्गातल्या पहिल्या तिघांच्याच आणतात. झेरॉक्स काढण्याआधी नाव आणि आसनक्रमांकावर कागद लावून ते झाकायचं. स्वायत्त महाविद्यालयात परीक्षा नियंत्रकांची लेखी परवानगी लागेल. ती किमान पंधरा दिवस आधी मागा, आयत्या वेळी मिळत नाही. संलग्न महाविद्यालयांत विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका हाती येत नाहीत, तिथे अंतर्गत चाचणीच्या चालतील. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही, त्यावर मार्कर चालत नाही. आणि कितीही बजावलं तरी काहीजण रिकाम्या हातानं येणारच, म्हणून आठवडाभर आधी प्रत्येकाला फोन करा: 'पेपर काढून ठेवलात का?' ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला अंगठा येतो, पेपर येत नाही.

तारीख ठरवताना कार्यभार वाटप झालंय ना ते बघा. येत्या सत्रात कोणता विषय आपल्या वाट्याला येणार हेच ज्याला माहीत नाही, तो आखणार काय? सत्र सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे सोयीचे. पेपर तपासणीचे दिवस टाळा, प्रवेशाची गर्दीही टाळा. कर्तव्य रजेचं पत्र, चहा, जेवण: नेहमीप्रमाणे.

माणसं चोवीसच्या वर नकोत. चौघांचा एक गट, गटात एकाच विषयाचे दोघे आणि परक्या विषयाचे दोघे. परक्याला साधे प्रश्न पडतात, आणि नेमके तेच हवे असतात. जागा सपाट खोलीची, हलणाऱ्या टेबलांची. सभागृहात खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असतात. तिथे व्याख्यान होतं, काम होत नाही. सामान थोडंच: मोठे कागद, चिकटचिठ्ठ्या, माणशी तीन रंगांचे मार्कर, एक्स्टेंशन बोर्ड. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं मनोगत हे सगळं मिळून वीस मिनिटं. तेवढ्यात आवरणार नसेल तर दुसऱ्या दिवशी जेवणाआधी घ्या, तेव्हा भाषणं आपोआप छोटी होतात.

पहिल्या दिवसाची सुरुवात ब्लूमच्या पिरॅमिडनं (आठवण्यापासून नवं रचण्यापर्यंत विचारांच्या चढत्या पायऱ्या) करू नका. तो पिरॅमिड प्रत्येकानं दहा वेळा पाहिलाय. आधी प्रश्नपत्रिका उघडायला लावा (आणलीय ना?) आणि प्रश्न रंगवून घ्या: नुसतं आठवून लिहायचं तो पिवळा, समजून उदाहरणाला लावायचं तो हिरवा, तपासून निर्णय द्यायचा किंवा नवं काही रचायचं तो गुलाबी. मग रंगवार गुणांची बेरीज. 60 गुणांच्या पेपरात पिवळ्याची बेरीज 40 च्या पुढे गेली की खोलीत आपोआप चर्चा सुरू होते, साधनव्यक्तीला (म्हणजे कार्यशाळा घेणाऱ्याला) काही बोलावं लागत नाही. त्यानंतर उत्तरपत्रिका. मधल्या विद्यार्थ्यानं काठावरच्यापेक्षा वेगळं काय केलं? बहुतेकदा पाठांतर जास्त, एवढंच निघतं.

हे झाल्यावरच अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं ते, लिहायला घ्या. एका कोर्सला चार ते सहा पुरे. 'समजेल', 'माहिती होईल', 'आकलन होईल' ही क्रियापदं फळ्यावर लिहून त्यावर काट मारा, कारण ती तपासता येत नाहीत. अर्थशास्त्राचं उदाहरण घ्या. 'मागणीची लवचिकता ही संकल्पना समजेल' अशी निष्पत्ती आणि 'मागणीची लवचिकता म्हणजे काय? प्रकार स्पष्ट करा' असा प्रश्न, ही जोडी जिथे तिथे सापडते. त्याऐवजी निष्पत्ती अशी: 'किंमत बदलल्यावर एकूण उत्पन्न वाढेल की घटेल हे लवचिकतेवरून सांगतो.' प्रश्न असा: समजा, एसटीचं भाडं 10 टक्क्यांनी वाढलं आणि प्रवासी 4 टक्क्यांनी घटले, तर उत्पन्नाचं काय होईल, आणि का? (साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढेल.) प्रत्येक निष्पत्तीसमोर तिला तपासणारा प्रश्न लिहायचा. प्रश्न सापडला नाही तर निष्पत्ती शोभेची आहे. आता हे जुळवायला पेपर समोर नसेल तर काय करणार? म्हणून पुन्हा सांगतो, पेपर.

सीओ-पीओ मॅपिंगचा तक्ता (कोर्सची कोणती निष्पत्ती पूर्ण पदवीच्या कोणत्या निष्पत्तीशी किती जुळते, ते 1 ते 3 आकड्यांत) दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर काढू नका. आयक्यूएसीचे (महाविद्यालयातल्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक घाई करतील, नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) तारीख दाखवतील. पण एकदा का एक्सेल उघडलं की सगळे 1, 2, 3 भरत बसतात आणि आखणी तिथेच संपते.

दुसरा दिवस, तासांचा हिशेब. चार क्रेडिटच्या सैद्धांतिक कोर्सला 60 तास, म्हणजे 15 आठवडे आठवड्याला चार. हे कागदावर. शैक्षणिक दिनदर्शिका हातात देऊन गणपती, दिवाळी, चाचण्या, क्रीडादिन खोडायला लावा आणि उरतात तेवढ्याच तासांत घटक बसवा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला विद्यार्थ्याच्या एकूण अध्ययनाचे 30 तास धरलेत, म्हणजे चार क्रेडिटला 120. वर्गाबाहेरच्या उरलेल्या निम्म्या वेळात तो काय करणार, हेही लिहून घ्या. बहुतेकांकडे याचं उत्तर 'नोट्स वाचेल' असतं. चालणार नाही.

मग एका तासाचं नियोजन, त्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी विद्यार्थ्यांनी काहीतरी करायचं. शेवटी गेल्या वर्षीच्या पेपरातले दोन पिवळे प्रश्न हिरवे करून द्यायचे, नमुना उत्तर आणि गुणविभागणीसकट. गुणविभागणी नसलेला नवा प्रश्न तपासणीत जुन्यासारखाच तपासला जातो. पेपर न आणलेले इथे मोबाइलवर शोधाशोध करतील, आणि दुपारचा वेळ त्यातच जाईल.

नंतरचं थोडक्यात. सत्राच्या पाचव्या आठवड्यात विद्यार्थ्यांचा अभिप्राय, तीन प्रश्न, दहा मिनिटं, नावाशिवाय, शिक्षक बाहेर. आणि पुढच्या तासाला काय बदलणार ते शिक्षकानं वर्गात सांगायचं. तासिका-निरीक्षण मागेल त्याच्याचकडे, नोंदी फक्त त्याला, विभागप्रमुखांना नाही. दोन दिवसांचं प्रमाणपत्र कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या) फाईलला फारसं उपयोगी नाही, हे आधीच सांगून टाका. प्रमाणपत्र द्यायचं ते सुधारलेली प्रश्नपत्रिका जमा झाल्यावरच. हजेरीपत्रक, फोटो, बिलं आयक्यूएसीकडे.