अखाजीचा मेल आणि न दिसलेली सूट : डिझाइन तपासताना या चुका टाळा

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठ दिवस आधी जळगावातल्या एका सराफी दुकानाचा ऑफरचा मेल माझ्याकडे तपासायला आला. पांढऱ्या पाटीवर बारीक सोनेरी अक्षरं, शेजारी पाटल्यांचा फोटो. मी म्हणालो, एकदम फर्स्ट क्लास, सोडा. मेल गेला आणि दुपारी शेठजींच्या चोपडा गावच्या पाहुण्यांचा फोन आला. ते भर उन्हात केळीच्या बागेत उभे. "भाऊ, पाटल्या दिखतस, पन सूट कितली शे ते काही दिखत नही."

बनवणाऱ्या पोरापेक्षा चूक माझी जास्त होती. मी तो मेल एसीत बसून, मोठ्या स्क्रीनवर, ब्राइटनेस फुल्ल ठेवून पाहिला होता. ग्राहक तसा पाहत नाही. त्याच्या हातात तडा गेलेल्या काचेचा मोबाइल असतो, आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन काय असतं हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको.

त्या दिवशी घरी येऊन मी रंगांचं गुणोत्तर काढलं. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या नियमावलीत साध्या अक्षरांसाठी अक्षर आणि पाटी (मागचा रंग) यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ : १ आणि मोठ्या, ठळक अक्षरांसाठी ३ : १ असावा असं म्हटलं आहे. सराफ लोक ज्या सोनेरीच्या प्रेमात असतात, ती पांढऱ्यावर जेमतेम २ : १ भरते. तीच सोनेरी गर्द मरून रंगावर ठेवली की ४.५ च्या पुढे जाते. म्हणजे सोनेरी सोडायची गरज नव्हती, फक्त पाटी बदलायची होती. हे गुणोत्तर काढून देणारी फुकटची साधनं आहेत, दोन रंगांचे कोड टाकले की आकडा समोर. तरी "मला तर वाचता येतंय" एवढ्यावर डिझाइन पास होतं.

दुसरी चूक प्रश्नातच असते. "कसं वाटतंय?" असं विचारलं की समोरचा "छान" म्हणतो, आपल्याकडे तोंडावर कोण वाईट म्हणणार! त्याऐवजी पान पाच सेकंद दाखवा, मोबाइल पालथा घाला आणि विचारा: कोणाचं होतं? काय विकत होते? आता काय करायचं? तिन्ही उत्तरं आली तर पुढे बोलू. टिश्यू कल्चरची केळीरोपं विकणाऱ्या एका नर्सरीची साइट मी अशी एका शेतकरी काकांना दाखवली. आलटून पालटून सरकणारी पाच बॅनरं होती. काकांना हिरवळ आठवली, रोपांचा दर आठवला नाही. फोन नंबर तर बॅनरच्या चित्रातच रंगवलेला होता, बोट लावून फोन लागणार कसा?

मराठी मजकूर आणि इंग्रजीचा साचा

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डिझाइन इंग्रजीच्या साच्यात तयार होतं, पास होतं आणि मग त्यात मराठी ओतली जाते. इंग्रजीला ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ठेवलं तरी शीर्षकात खपून जातं. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांच्या शेपट्या. एका दुकानाच्या शीर्षकात पहिली ओळ 'शुद्ध सोनं', दुसरी 'पिढ्यांचा विश्वास'. वरच्या 'शु'चा उकार थेट खालच्या 'पि'च्या वेलांटीत घुसला होता. अंतर १.५ च्या आसपास नेलं आणि भांडण मिटलं.

अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची फॅशन तर देवनागरीत मुळीच चालवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जुन्या डीटीपीतला (छपाईसाठी संगणकावर जुळवलेला) मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, न बदलता चिकटवला तर ग्राहकाला मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. छापखान्यातून मजकूर आला की हे आधी बघा. आणि तुम्ही हौसेने निवडलेला वेबफाँट जीमेल उचलत नाही, मोबाइलमधला फाँट लावतो. म्हणून मेल तपासायचा तो इनबॉक्समध्ये, डिझाइनच्या फाइलमध्ये नाही.

मेलचं आणखी एक. अख्खी जाहिरात एकाच चित्रात करून पाठवायची सवय व्हॉट्सअ‍ॅपमुळे लागली आहे. आउटलुकसारखं मेलचं सॉफ्टवेअर अनेकदा बाहेरची चित्रं आपणहून उघडत नाही, मग समोर रिकामी चौकट. सूट, तारीख, पत्ता हे खऱ्या अक्षरांत हवं आणि चित्रामागे पर्यायी मजकूर (चित्र उघडलं नाही तर दिसणारा) हवा. डार्क मोडमध्येही एकदा बघा: पारदर्शक पाटीवरचा काळा लोगो तिथे अमावस्येच्या रात्री म्हैस शोधावी तसा शोधावा लागतो.

जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मेल मधेच कापतं. फोटोंचं वजन त्यात धरत नाहीत, कोड आणि मजकुराचं धरतात. आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत ३ बाइट खातं, इंग्रजीचं १. कापली जाते ती शेपटी, म्हणजे पत्ता आणि 'मेल नको' ची लिंक. ती सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

बटणांबद्दल थोडक्यात: अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) उंची-रुंदीची आहे. अंगठ्याने दाबून पाहा, माउसने नाही.

हल्ली तपासणीसाठी मी एक जुना, स्वस्त मोबाइल वेगळा ठेवला आहे. दुपारी तो घेऊन ओट्यावर जातो. शेजारीपाजारी हसतात, हसू देत.

त्या सराफाचा पुढचा मेल मरून पाटीवर गेला. चोपड्याच्या पाहुण्यांचा पुन्हा फोन आला. सूट या वेळी स्वच्छ दिसत होती. तक्रार एवढीच होती की ती फारच कमी आहे.