गिंबल हेड अडतंय? हेड बदलण्याआधी या चुका टाळा

पुण्याजवळच्या कवडीपाटला रविवारी सकाळी माझ्या शेजारी एक मुलगा ट्रायपॉडवरच्या गिंबल हेडला, म्हणजे जड लेन्स टांगून सहज फिरवता येणाऱ्या आधाराला, १५०-६०० मिमीची लेन्स लावून उभा होता. चक्रवाकांची जोडी पाण्यावरून उठली, त्याने लेन्स वळवली. ती आधी अडली आणि मग एकदम झटक्याने पुढे गेली. पक्षी फ्रेमबाहेर. "काका, हे हेडच खराब निघालं का हो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, एका हाताने लेन्स धर आणि हेडचे दोन्ही नॉब (हालचाल आवळणाऱ्या मुठी) पूर्ण ढिले कर. त्याने केले, आणि हात जरा सैल सोडताच लेन्सचं नाक थेट जमिनीकडे गेलं. हेड उत्तम होतं. लेन्सचं वजन नॉबवर पेललेलं होतं, खरी अडचण तिथे होती.

गिंबल वापरताना होणाऱ्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. बॉल हेडवर, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या नेहमीच्या हेडवर, लेन्स बॉलच्या वर बसते, म्हणून ती घट्ट आवळूनच धरावी लागते. ती सवय हातात मुरलेली असते. गिंबलमध्ये लेन्स पाळण्यासारखी टांगलेली असते आणि तिचा गुरुत्वमध्य वर-खाली झुकण्याच्या आसावर आणायचा असतो. तो तिथे आला की आवळण्यासारखं काही उरत नाही. नॉब फक्त हालचालीला किती जडपणा हवा तेवढं ठरवण्यासाठी आहे.

तोल एकदा नाही, दोनदा साधायचा

पुढे-मागे तोल बहुतेक जण साधतात, पण अर्धवट सामान लावून. कॅमेरा, हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी), टेलिकन्व्हर्टर (पल्ला वाढवणारी जोड-लेन्स), जे काही लावून फोटो काढणार ते सगळं आधी चढवा. मग लेन्स हाताने धरून क्लॅम्प (हेडवरची पकड) किंचित सैल करा आणि प्लेट, म्हणजे लेन्सच्या पायाला लावलेली पट्टी, पुढे-मागे सरकवा. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स असेल, तर ज्या फोकल लेंग्थवर जास्त काम करणार तिथे तोल साधा. पक्ष्यांसाठी ती बहुधा शेवटची, म्हणजे ५०० किंवा ६०० मिमी. नळी आतल्या आत फिरणाऱ्या लेन्सना हा त्रास जवळजवळ होत नाही.

दुसरा तोल उंचीचा, आणि हाच राहून जातो. लेन्स आडवी असताना छान स्थिर राहते, म्हणून माणूस समजतो की झालं. आता ती साधारण ३० अंश वर उचला आणि हात सोडा. ती स्वतःहून आडवी झाली, तर लेन्स आसाच्या खाली लोंबते आहे, लंबकासारखी. ज्या प्लॅटफॉर्मवर लेन्स बसते तो थोडा वर घ्या. उलट ती आणखी कलंडत गेली, तर वजन आसाच्या वर आहे; प्लॅटफॉर्म खाली घ्या. जिथे सोडली तिथेच राहिली की मग खाली झुकवूनही तपासा. त्या मुलाचा प्लॅटफॉर्म जेमतेम बोटभर वर घ्यावा लागला. त्यानंतर त्याने लेन्स नुसत्या दोन बोटांनी फिरवली आणि पुन्हा पुन्हा फिरवत राहिला.

काही हेडना उंची बदलण्याची सोयच नसते. तिथे नॉब हलका आवळून काम भागवावं लागतं, पण निदान कारण तरी माहीत असतं.

नॉब घट्ट लागला म्हणजे प्लेट बसली असं नाही

हे मी स्वतः भोगलं आहे. सासवडच्या माळावर एका भोवत्यामागे (हा शिकारी पक्षी) लेन्स उभी करत वर नेली आणि ती क्लॅम्पमधून मागे सरकून निघाली. कॅमेऱ्याचा पट्टा हातात आला म्हणून लेन्स वाचली. हूड मात्र दगडावर आपटून चिरलं. नंतर पाहिलं तर क्लॅम्पच्या खाचेत बारीक खडा होता. प्लेट तिरकी बसली होती आणि नॉब मात्र पुरता घट्ट लागत होता. तेव्हापासून प्लेट लावण्याआधी मी खाचेतून बोट फिरवतो आणि लेन्स सोडण्याआधी ती पुढे-मागे ओढून बघतो. प्लेटच्या दोन्ही टोकांना खालून दोन छोटे स्क्रू लावायची सोय असते, लेन्स घसरू नये म्हणून. ते नडतात म्हणून काढून ठेवणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून ते लावा. लेन्सच्या पायाला प्लेट एकाच स्क्रूने बसवली असेल तर ती हळूहळू फिरते. जागा असेल तर दोन स्क्रू वापरा आणि ॲलन की बॅगेतच ठेवा.

चालताना दोन्ही नॉब आवळा. मोकळी लेन्स खांद्यावरच्या ट्रायपॉडच्या पायावर आपटते. दिवे घाटातल्या उतारावर मी तर लेन्स काढूनच हातात घेतो.

क्षितिज तिरकं येतंय?

लोक लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीचं, पाय असलेलं कडं) फिरवून सरळ करतात. एका फ्रेमपुरतं ते जमतं. पण खालचा तळच समतल नसेल, तर पक्ष्यामागे लेन्स फिरवताना क्षितिज पुन्हा कलतं. आधी ट्रायपॉडचे पाय कमी-जास्त करून तळाचा बुडबुडा मध्यभागी आणा, कॉलर त्यानंतर. आणि मधला दांडा वर काढू नका. त्या टोकावर तीन किलोंची लेन्स म्हणजे वाऱ्याला आमंत्रण.

भिगवणला नावेत मात्र बुडबुडा बघण्यात अर्थ नाही, नाव हलतच राहणार. तिथे कॉलर थोडी सैल ठेवून डोळ्यानेच क्षितिज सांभाळावं. दाटीवाटीच्या नावेत तर मला ट्रायपॉडपेक्षा बीन बॅग बरी वाटते. आणि उन्हं चढल्यावर उजनीच्या पाण्यावरचे दूरचे रोहित (फ्लेमिंगो) मऊ, थरथरल्यासारखे आले, तर दोष हेडचा नाही, लेन्सचाही नाही. मधली तापलेली हवा हलते आहे. जवळ जा किंवा दुसऱ्या दिवशी उजाडताना या.

फोटो तरीही हललेला येत असेल तर

तोल साधला की लेन्सला हात न लावता नुसतं बटण दाबण्याचा मोह होतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम चार अंशांचं दृश्य दिसतं, त्यात बोटाचा धक्काही उमटतो. डावा हात लेन्सवर वरून ठेवा, डोळा व्ह्यूफाइंडरला टेकवा. स्टॅबिलायझेशन (लेन्समधली थरथर कमी करणारी सोय) चालू ठेवायचं की बंद, हे लेन्सवर अवलंबून आहे. उडत्या पक्ष्यामागे फिरताना पॅनिंगचा (लेन्स आडवी फिरवत फोटो काढण्याचा) मोड असेल तर तो लावा, आणि आपल्या लेन्सच्या पुस्तिकेत ट्रायपॉडबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा.

माळावरून आल्यावर हेड ओलसर फडक्याने पुसा. फिरवताना खरखर लागली तर त्यात तेल सोडू नका. तेलाला धूळ चिकटते आणि खरखर वाढते. नॉबचे आटे आणि क्लॅम्पची खाच जुन्या टूथब्रशने साफ करा. तरीही खरखर गेली नाही, तर बेअरिंग घरी उघडू नका, दुरुस्तीला द्या.