गेममध्ये गाणं टाकायच्या आधी कागद हातात घ्या

मागच्या मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या नागपूरच्या मिरवणुकीला, महाल-इतवारीत फिरून फोनवर दोन तास आवाज रेकॉर्ड केला, म्हटलं आपल्या गेमला अस्सल नागपूरचं संगीत मिळालं, पण घरी येऊन ऐकलं तर बँडवाले अर्धा वेळ सिनेमाची गाणी वाजवत होते. वाजवणारे आपले, पण चाल दुसऱ्याची. तर सगळ्यात आधी आपल्या फाईली कान देऊन ऐका आणि मागे कुठं गाणं सापडलं तर तेवढा तुकडा काढून टाका. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी मात्र कोणाच्या मालकीची नाही, ती घ्या.

मग हे डोक्यात पक्कं करा की एका गाण्यात दोन हक्क असतात, चाल-शब्दांचा वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा, दोन्हीची परवानगी लागते. जुनं आहे म्हणून चालतं असं काही नाही भाऊ, आपल्याकडे संगीतकार-गीतकार गेल्यावर 60 वर्षं हक्क राहतो आणि रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. तुकोबांचा अभंग मोकळा आहे, पण त्याला कोणी अलीकडे लावलेली चाल मोकळी नाही.

ओळखीच्या पोराकडून संगीत करून घेणार असाल तर इथं जरा थांबा, काहून की सगळे इथंच फसतात. व्हॉट्सअॅपवर 'घे ना भाऊ वापर' एवढ्यावर गेम काढू नका, सह्या केलेला कागद करा, आणि त्यात मुदत, प्रदेश, पैसे-रॉयल्टी सगळं लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात, आणि आपण तर स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, जगभर विकणार! त्याहून वाईट म्हणजे वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो संपतो, कागदात वेगळं लिहिलं नसेल तर. नोकरी सांभाळून रात्री गेम बनवणाऱ्याला एक वर्ष कुठं पुरतं, म्हणून ही ओळ लिहाच. पोरगा आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सभासद आहे का तेही विचारा, असेल तर काही हक्क त्याने आधीच तिकडे दिलेले असतात.

मुदत संपली की काय होतं ते 'अॅलन वेक'चं बघा, गाण्यांचे परवाने संपले म्हणून 2017 मध्ये तो गेम विक्रीतून काढावा लागला, परत आला 2018 मध्ये. तेवढ्या मोठ्या गेमची ही गत.

फुकटचं संगीत घेताना क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे निर्मात्याने अटींवर आधीच दिलेल्या खुल्या परवान्याची, अक्षरं वाचा. एनसी (धंद्यासाठी वापर नाही) असेल तर विकायच्या गेममध्ये नाही, एनडी (बदल करायचा नाही) असेल तर हलत्या चित्रासोबत जोडायला नाही, बीवाय (श्रेय द्या) असेल तर क्रेडिट्समध्ये नाव, लिंक, परवाना सगळं द्या. डाउनलोड केलं त्या दिवशीच त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट फोल्डरमध्ये टाका, पानं नंतर बदलतात.

शेवटी संगीतकाराला विचारा की तेच संगीत त्याने यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे व्हिडिओतलं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकलंय का, कारण टाकलं असेल तर आपला गेम खेळून दाखवणाऱ्या पोरांच्या व्हिडिओवर क्लेम (हक्काचा दावा) येतो आणि ती पोरं पुन्हा आपला गेम लावत नाहीत.