डीसीएफ७७ची वेळ पकडताना या चुका टाळा

डीसीएफ७७ म्हणजे रेडिओ लहरींवरून अचूक वेळ सांगणारं जर्मनीतलं केंद्र. रिसीव्हर मॉड्यूल त्या लहरीतून पल्स काढून देतं. या पल्स वेड्यावाकड्या आल्या की नवशिके आधी प्रोग्राम बदलायला घेतात. दहापैकी नऊदा दोष अँटेनाच्या जागेत असतो.

नेहमीचा प्रकार ऐका. माइनफ्लिंगेनचं हे केंद्र शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे सिग्नल दणकट. मॉड्यूल ब्रेडबोर्डवर, त्याला चिकटून मायक्रोकंट्रोलर, बाजूला चार्जरवर लावलेला लॅपटॉप. कधी ३० मिलिसेकंदांची पल्स, कधी ४००ची. गडी आठवडाभर फिल्टरवर फिल्टर चढवतो. शेवटी कोणीतरी चार्जर काढायला लावतं, आणि दर सेकंदाला स्वच्छ पल्स येऊ लागते. ७७.५ किलोहर्ट्झच्या आसपास चार्जरसारखे स्विचिंग पुरवठे आणि एलईडी दिवे भरपूर गोंगाट करतात. म्हणून मॉड्यूल आधी बॅटरीवर चालवा, फेराइटची कांडी, म्हणजे अँटेना, या सगळ्यापासून निदान अर्धा मीटर लांब ठेवा. कांडी आडवी हवी आणि तिची कूस केंद्राकडे. टोक केंद्राकडे वळलं की सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. लोखंडी कपाटावर तर ती ठेवूच नका, ट्यूनिंग सरकतं.

दुसरी चूक मिनिटाची. प्रत्येक सेकंदाच्या सुरुवातीला वाहक लहर सुमारे १५ टक्क्यांवर उतरते: ०.१ सेकंद उतरली तर ०, ०.२ सेकंद उतरली तर १. ५९व्या सेकंदाला ती उतरतच नाही. ही पोकळी संपून जी पल्स सुरू होते, तिथे नवं मिनिट सुरू होतं. मिनिटभरात आलेल्या ०-१ बिटांचा नुकताच पुरा झालेला संदेश याच नव्या मिनिटाची वेळ सांगतो, सरलेल्या मिनिटाची नव्हे. त्यामुळे वाचलेल्या आकड्यात आणखी एक मिळवणाऱ्यांचं घड्याळ कायम मिनिटभर पुढे धावतं.

पॅरिटी (बिटांच्या गटात १ ची संख्या सम आहे का, ही तपासणी) जुळली की लगेच वेळ लावून टाकणं हा आळशीपणा आहे. सम पॅरिटीला एक बिट चुकलेला कळतो, दोन चुकले तर ती गप्प बसते. लागोपाठचे तीन संदेश घ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा बरोबर एका मिनिटाने पुढे असेल तरच वेळ लावा. सेकंदाला एकच बिट येतो, तेव्हा तीन-चार मिनिटं थांबावंच लागतं. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी इंटरनेटवरून वेळ घ्यावी.

पल्स ८००-९०० मिलिसेकंदांची दिसली तर आउटपुट उलटं आहे. प्रोग्राममध्ये ते उलटवा. स्वस्त मॉड्यूल पल्स ताणतात किंवा आखडतात, म्हणून नेमके १०० किंवा २०० शोधू नका. १५०च्या खाली ०, वर १.

उन्हाळी वेळ तारखेवरून काढत बसू नका, १७ आणि १८ क्रमांकाचे बिट वाचा.

जर्मनीहून पुण्याला आणलेलं घड्याळ रात्रभर खिडकीत ठेवूनही जुळणार नाही. या केंद्राचा पल्ला सुमारे २,००० किलोमीटर. तिथे जीपीएस मॉड्यूल लावा.