पायलट व्हायचंय? फी भरण्याआधी कागदांच्या या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की प्रश्न सुरू होतात. फ्लाइंग स्कूल बारामतीचं बरं की गोंदियाचं? की सरळ अमेरिका? मी विचारतो, मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, झालं का? उत्तर ठरलेलं: ‘ॲडमिशन घेतो, मग करतो.’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

आधी क्लास टू मेडिकल, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरांकडे. ते हातात आलं की क्लास वन. शिकाऊ उड्डाणं क्लास टूवर होतात, पण दोनशे तास पूर्ण करूनही क्लास वनशिवाय कमर्शियल लायसन्स मिळत नाही. रंगदृष्टीतला दोष बहुधा जन्मजात असतो आणि कित्येक मुलांना त्याचा पत्ताच नसतो. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवर तो काही मिनिटांत कळतो. शेत गहाण टाकून भरलेला पहिला हप्ता गेल्यावर तो कळू नये, एवढंच माझं म्हणणं. क्लास वन हातात येईपर्यंत मोठी रक्कम कुणालाही देऊ नका, मग समोरचा ‘शेवटच्या दोनच सीट’ म्हणो नाहीतर आणखी काही.

दुसरी चूक नावाची, आणि ती आपल्याकडे फारच होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एवढ्यानं सहसा अडत नाही. अडतं ते स्पेलिंगवर आणि वडिलांच्या नावावर. कोल्हापूरकडची एक हुशार मुलगी. गुणपत्रिकेवर वडील ‘भाऊसाहेब’, आधारवर ‘भाऊसो’, आणि पासपोर्टवर मधलं नावच नाही. डीजीसीएच्या परीक्षेसाठी लागणाऱ्या कॉम्प्युटर नंबरचा अर्ज परत आला. एजंट म्हणाला, नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडू, चालतं. अर्ज पुन्हा परत. मग आधार दुरुस्त, त्यावरून पासपोर्ट नवा, मग पुन्हा अर्ज. तोवर पावसाळा संपला आणि तिच्या बरोबरीची मुलं परीक्षेला बसूनही आली. अभ्यासात ती त्यांच्या पुढे होती, म्हणून मला ते जास्त लागलं.

माझी पद्धत साधी आहे. दहावीचं प्रमाणपत्र हा पाया. बाकी प्रत्येक कागद अक्षर न् अक्षर त्याच्याशी जुळवायचा, आणि तोही अकरावीतच. चूक प्रमाणपत्रातच असेल, तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करायचा. नाव खरोखरच बदललं असेल, तर राजपत्रात प्रसिद्धी हाच रस्ता. प्रतिज्ञापत्राच्या पळवाटेवर माझा विश्वास नाही.

ईजीसीएचं, म्हणजे डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरचं, खातं एजंटच्या ईमेलवर आणि मोबाइलवर उघडू नका. ओटीपी त्याच्याकडे जाणार आणि पुढची कित्येक वर्षं तुमचा सगळा इतिहास त्याच्या हाती राहणार.

मेडिकलच्या फॉर्ममध्ये जुनं आजारपण लपवू नका. ‘लहानपणी दमा होता, पण लिहू नको’ असं घरचेच सांगतात, तेव्हा मला राग येतो. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, चष्म्याचा नंबर असेल तर त्याचा कागद, सगळं फाइलला लावून न्या. खरं सांगितलेल्या गोष्टीचा डॉक्टर विचार करू शकतात. लपवलेली पुढे उघडी पडली, तर लायसन्सच धोक्यात येतं.

‘तात्पुरते अनफिट’ असा शेरा आला म्हणून रडू नका. वजन जास्त, रक्तदाब वर, अशा कारणांनी तो अनेकांना मिळतो. सांगितलेले उपचार करून दिलेल्या मुदतीत परत जायचं. दुसऱ्या शहरात दुसरा डॉक्टर शोधत फिरू नका.

सर्दी असताना कानाची तपासणी करून घेऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर किती दिवस आधी काढायच्या हे डॉक्टरांना फोन करूनच विचारा. आदल्या रात्री जागरण नको. सही सगळीकडे एकच करा. कॉलेजात नवी ‘स्टाइल’ सुचली असेल तर ती वहीत ठेवा. मोबाइलवर तिरपे काढलेले फोटो स्कॅन म्हणून चढवू नका.

गुणपत्रिका खऱ्या असल्याची पडताळणी बोर्डाकडून करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून ते काम मेडिकलची तारीख घेतानाच सुरू करा. राज्य मंडळाची मुलं आपापल्या विभागीय मंडळात स्वतः गेली, तर निदान काम कुठे अडलंय ते समोरच कळतं.

आणि मुदत. चाळिशीच्या आत क्लास वन बारा महिने चालतं. पहिलं मिळालं की मी मुलांना माझ्यासमोरच फोन काढायला लावतो आणि मुदत संपायच्या दीड महिना आधीची आठवण त्यात लावून घेतो.