ओडीसी ट्रेलरला वॉर्निंग लाईट लावताय? या चुका टाळा

पवनचक्कीचं पातं, ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, कारखान्याची टाकी असला अवाढव्य माल (ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल) हलवणाऱ्या गाड्यांवर हल्ली लाईटची कमी नसते, केबिनवर दोन बीकन (चौफेर दिसणारे इशारा दिवे), बंपरला एलईडी पट्टी, आरशाखाली स्ट्रोब (झटपट चमकणारा दिवा), सगळं असतं, पण मागून येणाऱ्या बाईकवाल्याला जे कळायला हवं ते म्हणजे हा माल नक्की कुठपर्यंत आहे, आणि तेच त्यातल्या एकाही लाईटवरून कळत नाही. सगळ्यात मोठी चूक हीच. लाईट गाडीला लावतात, मालाला लावतच नाहीत.

साधा हिशोब बघा. आपल्याकडे गाडीची रुंदी नियमाने 2.6 मीटर. त्यावर 4 मीटर रुंद माल चढवला की दोन्ही बाजूंनी 70-70 सेंटीमीटर बाहेर आला. टेललाईट मात्र तिथेच आत राहिल्या. रात्री मागचा माणूस टेललाईटच्या अंदाजाने गाडी काढतो आणि सरळ मालाच्या कोपऱ्यात घुसतो. म्हणून पहिला खर्च मालाच्या सगळ्यात बाहेरच्या कोपऱ्यांवर करा, मागे तोंड असलेला लाल दिवा, कडेला अंबर (पिवळसर नारिंगी), आणि केबिनचं नंतर बघा. (उसाच्या ट्रॉल्यांचीही तीच गत आहे, सीझनमध्ये सांगली-कोल्हापूरकडे रात्री गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.)

पात्याची गोष्ट तर अजून वेगळी. साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडी किंवा धुळ्यात ब्राह्मणवेल, या पवनचक्क्यांच्या भागातले रस्ते अरुंद आणि वळणाचे, पुलर (ट्रेलर ओढणारा ट्रक) वळला की पात्याचं शेपूट उलट्या बाजूला बाहेर झुलतं, कधीकधी समोरच्या लेनवर. म्हणजे दिवा टोकालाच हवा, ट्रेलरच्या शेवटच्या एक्सलला लावून भागत नाही. इथे मॅग्नेटवाली बॅटरी लाईट घेऊन येतात आणि ऐनवेळी लक्षात येतं की पातं फायबरचं आहे, मॅग्नेट चिकटणार कुठे? मग चिकटपट्टी गुंडाळतात, आणि ती पुढच्या टोलनाक्यापर्यंतही टिकत नाही. रुंद पट्टा आवळून त्यावर लाईट बसवा, पट्ट्याखाली रबर ठेवा म्हणजे पात्याला ओरखडा येणार नाही. आणि चार्जिंग निघायच्या आधी बघा, रस्त्यात नाही.

ट्रान्सफॉर्मरसारखा उंच माल असेल तर केबिनवरचा बीकन मागून दिसतच नाही. पेटीवर 360 डिग्री लिहिलेलं असतं ते खरंय हो, पण मागे भिंत उभी आहे ना. दुसरा बीकन मालाच्या मागच्या बाजूला वर लावा आणि मागच्या पायलट गाडीवर (सोबत चालून रस्ता सांभाळणाऱ्या गाडीवर) वेगळा.

रंगाच्या बाबतीत तर मला खरंच राग येतो. मार्केटमध्ये लाल-निळा स्ट्रोब स्वस्तात मिळतो म्हणून लावायचा नाही. पुढे लाल दिवा चालत नाही, निळा इमर्जन्सी गाड्यांचा, आणि 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरलेत. ट्रेलरवरच्या चमकणाऱ्या लाईटसाठी अंबर, विषय संपला. परमिशनच्या पत्रात लाईट, झेंडा, पायलटच्या अटी असतात, त्या ड्रायव्हरला मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगा, कारण परवानगीशिवाय माल बाहेर आलेला सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आहे, वर माल उतरवायचा खर्च वेगळा.

जास्त लाईट म्हणजे जास्त सेफ्टी हाही गैरसमज. मागे आठ स्ट्रोब वेगवेगळ्या तालात उडत असतील तर त्यात ब्रेकलाईट आणि इंडिकेटर हरवतात, मागच्याला कळतच नाही की तुम्ही थांबताय की वळताय. पावसाळ्यात घाटात धुकं असलं की भगभगीत फ्लॅश उलटा पायलटच्याच डोळ्यात येतो. बीकन घेताना काचेवर आर65 (वॉर्निंग लाईटचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) चा शिक्का आणि टीए1 किंवा टीए2 लिहिलंय का बघा, ए म्हणजे अंबर, 2 म्हणजे दिवसा आणि रात्री वेगळी तीव्रता. रात्री चालणार असाल तर 2 वालाच घ्या. या स्टँडर्डप्रमाणे फ्लॅश सेकंदाला 2 ते 4 वेळा, त्यापेक्षा फास्ट फडफडणारा घेऊ नका.

आता वायरिंग, निम्म्या तक्रारी इथल्याच. ट्रक 24 व्होल्टचा असतो, आणि 12 व्होल्टची लाईट आणली की दोनपैकी एका बॅटरीवरून टॅप मारतात. लाईट लागते पण ती बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जिंग दोघींना मात्र एकत्रच होतं, म्हणजे एक कायम उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज, आणि काही महिन्यांत जोडी बाद. 24 व्होल्टचीच लाईट घ्या, नाहीतर कन्व्हर्टर लावा.

मागची लाईट मंद दिसते? लगेच लाईट बदलू नका, आधी मीटर लाईटच्या टोकाला लावून व्होल्टेज बघा. 1 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर 20 मीटर मागे नेली तर जाऊन-येऊन 40 मीटर झाली, जवळपास 0.7 ओहम, म्हणजे 70 वॅटच्या एकाच हॅलोजन बीकनला 3 अँपिअरवर 2 व्होल्ट रस्त्यातच गेले. 2.5 ची टाका. तरी फरक नाही पडला तर अर्थिंग बघा, पुलर आणि ट्रेलरच्या मधे अर्थ किंगपिनमधूनच (ट्रेलर जोडायच्या खुंटीतूनच) मिळत असेल तर ग्रीसमुळे तो कधी मिळतो कधी नाही, म्हणून अर्थची वेगळी वायर न्या. सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर घासून काढा. आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ हवाच, नाहीतर वायर कुठे घासली तर आग लागते.

लाईटच्या आत पाणी दिसलं की लोक सगळीकडून सिलिकॉन भरतात, त्यात खालचं हवेचं भोकही बुजतं आणि वाफ आतच राहते. ते भोक मोकळं ठेवा.

रिफ्लेक्टर टेप विसरू नका, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, कारण बॅटरी बसली तरी टेप चालू असते, फक्त चिखलाने झाकलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही, दर थांब्यावर क्लीनरने फडकं मारायचं. रात्री गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली आणि दोन हॅलोजन बीकन चालूच ठेवले तर तासाला 6 अँपिअर-अवर जातात, सकाळपर्यंत 60, सेल्फ मारायला बॅटरी कमी पडू शकते, अशा वेळी एलईडी बीकन असेल तर तो रात्रभर चालतो आणि गाडीही स्टार्ट होते.